डोंगरांना नावं देणारी भाषा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडून दार्जिलिंग-गंगटोकला जाणाऱ्यांची संख्या काही कमी नाही. छोट्या रेल्वेनं वर चढताना कर्सियांग लागतं. दार्जिलिंगच्या खाली लेबाँगची सोंड उतरत गेलेली दिसते. एक दिवस मिरिकच्या तळ्यासाठी राखून ठेवलेला असतो. पुढे सिक्कीमला गेलात आणि वेळ असला, तर युकसोम. सहलीहून परतलेल्या मित्राला मी एकदा विचारलं, ही नावं कोणत्या भाषेतली रे? तो म्हणाला, नेपाळी असतील, नाहीतर तिबेटी. दार्जिलिंग हे नाव तिबेटी आहे, हे खरं. त्यातला 'दोर्जे' म्हणजे वज्र. पण बाकीच्या नावांचा अर्थ लावायचा, तर तिसऱ्याच भाषेचं दार ठोठवावं लागतं. युकसोम म्हणजे तीन लामांची जागा. लेबाँग म्हणजे जिभेसारखी पुढे आलेली डोंगराची सोंड. मिरिक म्हणजे आगीत जळालेलं ठिकाण. कर्सियांग हे नाव तिथल्या पांढऱ्या ऑर्किडवरून पडलं, असं सांगतात. ही सगळी नावं लेपचा भाषेतली आहेत. आणि गंमत अशी, की आठ दिवसांच्या त्या सहलीत आपल्या कानांवर लेपचाचं एक वाक्यही पडत नाही. जीपचा ड्रायव्हर, हॉटेलातला पोऱ्या, मोमो विकणारी बाई, सगळे आपसात नेपाळी बोलतात आणि आपल्याशी हिंदी.

हे लोक स्वतःला 'रोंग' म्हणवतात, भाषेला 'रोंगरिंग' आणि मुलुखाला 'मायेल ल्यांग'. 'लेपचा' हे नाव शेजाऱ्यांनी दिलेलं. त्याचा मूळ अर्थ 'अस्पष्ट बोलणारा' असा होता, असं एक मत आहे. शेजाऱ्याचं बोलणं आपल्याला कळलं नाही, की दोष त्याच्या जिभेला द्यायचा, ही जगभरची रीत आहे. कांचनगंगेच्या शुभ्र बर्फातून आईदेवतेनं पहिला पुरुष फुदोंगथिंग आणि पहिली स्त्री नाझोंगन्यू घडवली, अशी रोंग लोकांची श्रद्धा. आम्ही अमुक देशाहून इथं आलो, अशी कहाणी ते सांगत नाहीत. सिक्कीम, दार्जिलिंग-कालिम्पाँगचे डोंगर, नेपाळमधला इलाम आणि भूतानचा नैर्ऋत्येकडचा कोपरा, एवढा त्यांचा पसारा.

भाषा चिनी-तिबेटी कुळातली. तिबेटी, बर्मी, आपल्याकडच्या मणिपुरी आणि बोडो, या तिच्या जवळच्या-लांबच्या बहिणी. मराठी, हिंदी, नेपाळी यांचं घराणंच वेगळं. त्यामुळे लेपचा माणूस नेपाळी बोलू लागतो, तेव्हा ते वऱ्हाडी माणसानं पुणेरी बोलण्यासारखं नसतं. तो घर सोडून दुसऱ्या घरात राहायला जातो. 'गो' म्हणजे मी, 'हो' म्हणजे तू, आणि 'हू' म्हणजे तो, ती, ते, तिन्ही एकाच शब्दात. उंग म्हणजे पाणी, मि म्हणजे आग, ली म्हणजे घर, कुंग म्हणजे झाड. क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं, तेवढंच साम्य.

तिस्ता नदीच्या नावाची त्यांची कथा मला फार आवडते. तिस्ता आणि रंगीत ही दोघं प्रेमिक. ठरलं असं, की दोघांनी डोंगरातून वेगवेगळ्या वाटांनी उतरायचं आणि खाली भेटायचं. तिस्तेनं वाटाड्या घेतला साप, रंगीतनं घेतला पक्षी. साप मुकाट्यानं पुढे पुढे गेला. पक्ष्याला वाटेत भूक लागली, तो इकडे भटकला, तिकडे भटकला आणि रंगीतला उशीर झाला. संगमावर येऊन पाहतो, तर तिस्ता आधीच हजर. तो चकित होऊन म्हणाला, 'थी सथा?' म्हणजे, अगं, तू केव्हा पोचलीस? त्या प्रश्नावरून नदीचं नाव पडलं. मग रंगीत रुसून मागे फिरला, पाणी चढलं, आणि लोक तेंदोंग पर्वतावर चढून वाचले. पुढे पंडितांनी याच नदीचं नाव 'त्रिस्रोता'पासून आल्याचं सांगितलं. कोणतं बरोबर, याचा निकाल मी देत नाही. पण एका बाजूला तीन प्रवाहांचा हिशेब आहे आणि दुसऱ्या बाजूला उशिरा आलेल्या प्रियकराचा प्रश्न आहे. कवीनं कोणाच्या बाजूनं उभं राहायचं, हे काही सांगायला नको.

आता इतिहासाकडे येतो. रोंग लोकांचा मुलूख राज्य म्हणून ओळखला जाऊ लागला, तो तिबेटी वंशाच्या राजांमुळे. रोंगांचा पूर्वज थेकोंग तेक आणि तिबेटहून आलेला ख्ये बुमसा यांनी काबी इथं रक्ताची शपथ घेऊन भाऊबंदकी जोडली, अशी परंपरा आहे. त्याच्या वंशातल्या फुंत्सोग नामग्यालला १६४२ साली युकसोमला तीन लामांनी राज्याभिषेक केला. दरबाराची आणि धर्माची भाषा तिबेटी झाली. पण रानात, शेतात, घरात लेपचाच चालत राहिली.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिसरा राजा चाकदोर नामग्याल यानं लेपचासाठी लिपी तयार करवली, असं इतिहास सांगतो. खुद्द लेपचा लोक त्याचं श्रेय थिकुंग मेन सालोंग या आपल्या ज्ञानी पूर्वजाला देतात. लिपीचं मूळ तिबेटी, पण तिच्यात एक वळण आहे. सुरुवातीला ती वरून खाली लिहीत. नंतर डावीकडून उजवीकडे लिहू लागले, तेव्हा अक्षरं काटकोनात फिरली. म्हणून तिबेटी अक्षर आडवं झोपवलं, की पुष्कळदा लेपचा अक्षराची ओळख पटते. शब्दाच्या शेवटी येणारं व्यंजन अक्षराच्या डोक्यावर खुणेनं दाखवतात. आपण रफार देतो ना, काहीसं तसंच. या लिपीत तिबेटी बौद्ध कथांची भाषांतरं झाली. त्या पोथ्यांना 'नामथार' म्हणतात. त्यांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आज कुठं असेल? हॉलंडमधल्या लायडन इथं. योहान फान मानेन नावाचे डच गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दार्जिलिंगजवळ राहत होते. त्यांनी जमवलेल्या १८०हून अधिक लेपचा पोथ्या तिथं सुखरूप आहेत.

म्हणजे लिपी होती, पोथ्या होत्या, राजाचा आश्रय होता. भारतातल्या किती लहान भाषांना हे मिळालं? तरीही ही भाषा मागे हटली. त्याची कारणं शोधताना मला एक गोष्ट वारंवार दिसली. या भाषेचा द्वेष कुणी केला नाही. जो आला, त्यानं तिचं कौतुकच केलं. आणि कौतुक करता करता प्रत्येकानं आपलं काम दुसऱ्या भाषेत उरकलं.

१८२६ साली सिक्कीमच्या राजाचा लेपचा दिवाण बोलेक मारला गेला. भीतीनं शेकडो लेपचा कुटुंबं घरदार टाकून नेपाळात इलामला गेली. तीन वर्षांनी, १८२९ मध्ये, कंपनी सरकारचे दोन इंग्रज अधिकारी, लॉइड आणि ग्रँट, त्या भागात आले आणि त्यांनी दार्जिलिंगची जागा पाहिली. मोक्याची थंड हवेची जागा, आणि तीही जवळजवळ ओस. ती ओस का पडली होती, हे आता आपल्या लक्षात आलं असेल. १८३५ साली सिक्कीमच्या राजानं दार्जिलिंग कंपनीला दिलं, तेव्हा तिथं माणसं होती शंभराच्या आसपास. डॉक्टर कॅम्पबेल या कारभाऱ्यानं वस्ती वाढवली आणि १८४९पर्यंत आकडा दहा हजारांवर गेला. त्यानंच १८४१मध्ये आपल्या बागेत चहाची रोपं लावून पाहिली. १८५६नंतर चहाचे मळे उभे राहिले. १८७४ साली मळे होते ११३.

याच काळात इंग्रज लेपचांच्या प्रेमात पडले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यानं आपल्या हिमालयाच्या प्रवासवर्णनात, १८५४ साली, या माणसांच्या सरळपणाची आणि सोबतीची मनापासून तारीफ केली. मिशनऱ्यांनी १८४०च्या दशकात बायबलचे काही भाग लेपचात आणून छापले. आणि मग आले मेनवेअरिंग. जॉर्ज बायर्स मेनवेअरिंग हे फौजेतले अधिकारी, पुढे जनरल झाले. ते लेपचांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले आणि १८७६ साली कलकत्त्याहून त्यांनी लेपचाचं व्याकरण प्रसिद्ध केलं. ही भाषा हिब्रू आणि संस्कृतपेक्षाही जुनी आहे, असा त्यांचा दावा होता. शास्त्राच्या कसोटीला तो उतरत नाही. पण प्रेमात पडलेला माणूस वयाचा दाखला थोडाच मागतो! त्यांचा शब्दकोश त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. आल्बर्ट ग्रुनवेडेल या जर्मन विद्वानानं तो पूर्ण केला आणि १८९८मध्ये बर्लिनमध्ये तो छापला गेला.

व्याकरण कलकत्त्याला, कोश बर्लिनला, पोथ्या लायडनला. आणि खुद्द दार्जिलिंगात काय चाललं होतं? चहाच्या मळ्यांना हात हवे होते. लेपचा माणूस रान साफ करून दोन-तीन वर्षं पीक घ्यायचा आणि पुढे सरकायचा. मळ्यातल्या रांगेत तो रमला नाही. त्यात सरकारनं जंगलं राखीव केली, तेव्हा त्याची फिरती शेतीही आक्रसली. मळ्यांसाठी मजूर आले पूर्व नेपाळातून, हजारोंनी. १८७२च्या खानेसुमारीत दार्जिलिंग जिल्ह्यात माणसं होती सुमारे ९५ हजार. १९०१ साली झाली जवळजवळ अडीच लाख. त्यांत लेपचा दहा हजारांच्या आसपास. ज्यांच्या भाषेत डोंगरांची नावं होती, ते त्या डोंगरांवर शंभरात चार उरले.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर शेजाऱ्यांवर अन्याय होईल. हे जे मजूर आले, ते सगळे घरी नेपाळी बोलणारे नव्हते. त्यांत राई होते, लिंबू होते, तामांग होते, गुरुंग होते. या सगळ्यांच्या आपापल्या भाषा होत्या, आणि त्याही चिनी-तिबेटी कुळातल्याच. मळ्याच्या चाळीत राईच्या शेजारी तामांग, त्याच्या शेजारी लिंबू. एकमेकांशी बोलायचं कशात? ज्या नेपाळीनं लेपचाची जागा घेतली, तिनं त्याआधी, किंवा त्याच वेळी, या मजुरांच्या घरातल्या भाषांचीही जागा घेतली. मळ्यातल्या बाईनं आपली भाषा टाकली आणि बाजारात तिच्याकडून भाजी घेणाऱ्या लेपचा बाईनंही आपली टाकली. दोघी तिसऱ्याच भाषेत भावाची घासाघीस करू लागल्या. यात जिंकलं कोण आणि हरलं कोण?

शाळाही त्याच वाटेनं गेल्या. १८७०नंतर आलेल्या स्कॉटिश मिशननं आधी हिंदीत शिकवलं, मग नेपाळीत. एका वर्गात दहा जातींची मुलं असताना मास्तर तरी काय करणार? नेपाळी भाषेचं आधुनिक रूप घडलं, ते मोठ्या प्रमाणात दार्जिलिंगातच. गंगाप्रसाद प्रधान यांनी १९०१ साली तिथून 'गोर्खे खबर कागत' हे नियतकालिक सुरू केलं. त्यांनी केलेलं बायबलचं नेपाळी भाषांतर १९१४मध्ये आलं. १९२४ साली तिथं नेपाळी साहित्य संमेलन ही संस्था उभी राहिली. कथा, कविता, व्याकरणं, पाठ्यपुस्तकं, सगळं नेपाळीत येऊ लागलं. हुशार लेपचा मुलगा लिहायला बसला, तर त्याच्यापुढे वाचक होता नेपाळीतला. त्यानं नेपाळीत लिहिलं, चांगलं लिहिलं. आणि नेपाळीलाही सगळं फुकट मिळालं नाही. आठव्या परिशिष्टात जागा मिळायला तिला १९९२ साल उजाडावं लागलं. त्याच घटनादुरुस्तीत आपल्या शेजारची कोकणीही आत आली.

सिक्कीममध्ये हेच थोडं उशिरा घडलं, पण घडलं झपाट्यानं. १८८९पासून तिथं जॉन क्लॉड व्हाइट हा इंग्रज राजकीय अधिकारी बसला. महसूल वाढवायचा, तर जमीन कसणारे हवेत, म्हणून नेपाळी शेतकऱ्यांच्या वस्तीला उत्तेजन मिळालं. १८९१च्या मोजणीत सिक्कीममध्ये एकूण माणसं ३०,४५८. त्यांत लेपचा ५,७६२. तेव्हाच ते आपल्या मुलुखात अल्पसंख्य होते. पुढे एक मात्र चांगलं झालं. उत्तर सिक्कीममधलं झोंगू हे खोरं लेपचांसाठी राखून ठेवलं गेलं. तिथं बाहेरच्याला जमीन घेता येत नाही, जायलाही परवाना लागतो. आज लेपचा भाषा सहजपणे, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे तर नुसती बोलण्यासाठी, ऐकायची असेल तर ती झोंगूत.

१९७५ साली सिक्कीम भारतात आलं. १९७७ साली कायदा झाला आणि नेपाळी, भूतिया यांच्याबरोबर लेपचाही राज्यभाषा झाली. शाळांत विषय झाला, पाठ्यपुस्तकं निघाली, आता विद्यापीठातही शिकवतात. २००८ साली लेपचा लिपी युनिकोडमध्ये आली, म्हणजे संगणकावर तिला हक्काची जागा मिळाली. एवढं सगळं झाल्यावर आकडे वाढायला हवेत की नाही? २००१च्या जनगणनेत लेपचा ही आपली मातृभाषा आहे असं सांगणारे देशात ५०,६२९ होते. २०११ साली ४७,३३१. या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या मात्र अठरा कोटींनी वाढली. शिवाय खानेसुमारीत मातृभाषा सांगणं वेगळं आणि ती बोलणं वेगळं. पुष्कळजण अभिमानानं नाव सांगतात आणि घरात नेपाळी बोलतात.

मला हे प्रत्यक्ष पाहायला मिळालं. काही वर्षांपूर्वी गंगटोकला एका बहुभाषी कविसंमेलनाला जाण्याचा योग आला. तिथं साठी ओलांडलेले एक लेपचा कवी होते. त्यांनी कविता आधी लेपचात वाचली, मग नेपाळीत. मागच्या रांगांत कॉलेजची लेपचा मुलं-मुली पारंपरिक पोशाखात बसली होती. लेपचा कविता त्यांनी आदरानं, शांतपणे ऐकली. नेपाळी कविता सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला हशा पिकला. कवितेत एक थट्टा होती. ती त्यांना आत्ता कळली होती.

चहाच्या वेळी आम्ही हिंदीत बोलत बसलो. मी विचारलं, नातवंडांशी कोणती भाषा बोलता? ते म्हणाले, "भाईसाब, मी नातवाला रोंगमध्ये हाक मारतो, तो नेपाळीत ओ देतो." सून लिंबू समाजातली. तिची भाषा वेगळी, मुलाची वेगळी, मग संसार नेपाळीत. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सून किती चांगली आहे, हेच ते सांगत होते.

मग त्यांनी मला विचारलं, तुमची भाषा कोणती? मी म्हटलं, घरात दख्खनी, कविता मराठीत. ते हसून म्हणाले, म्हणजे तुम्हीही शेजाऱ्याच्याच भाषेत लिहिता! मी त्यांना सांगितलं, मराठी माझ्या शेजारची नाही, ती माझ्या अंगणातलीच. शाळेत जायच्या आधी ती मला गल्लीनं शिकवली. आणि माझी अम्मा दख्खनीत दिवसातून पन्नास वेळा जे 'नक्को' म्हणायची, ते तरी कुठून आलं? मराठीतल्या 'नको'मधूनच की. हे ऐकून ते गृहस्थ खूष झाले.

त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. आमच्या दख्खनीला आज ना कुठल्या सरकारचा आश्रय, ना शाळेत पुस्तक. उर्दूवाले तिला गावंढळ म्हणतात, मराठीवाले तिच्यावर विनोद करतात. तरी ती चालली आहे, कारण आमच्याकडे सासू-सुनेचं भांडण अजून तीत होतं, पोराला झोपवतात तीत आणि मयताला रडतात तीत. आणि इथं ही रोंगरिंग. तिला लिपी आहे, कोश आहे, राज्यभाषेचा मान आहे. तिच्यात भांडायला मात्र घरात कुणी उरत नाही.

भाषा गेली की नेमकं जातं काय, हा प्रश्न विचारला जातो. माणसं तर राहतातच, आणि दुसऱ्या भाषेत सुखानं राहतात. लेपचांच्या बाबतीत याची दोन उत्तरं मला मिळाली. पहिलं रानातलं. झाडांच्या लेपचा नावांत शेवटी 'कुंग' येतं, आणि अशी नावं इतकी, की इंग्रजांच्या काळातले जंगलखात्याचे अधिकारी झाडांच्या याद्या करायला बसले, तेव्हा त्यांनी लेपचा नावं नोंदवून घेतली. कोणता पाला कोणत्या जखमेला, कोणतं कंद विषारी आणि ते कितीदा उकळलं की खाता येतं, हे त्या नावांना चिकटून आलेलं शहाणपण. नेपाळीत ते सांगता येणार नाही, असं नाही. पण सांगितलं जात नाही, कारण जो नेपाळीत आला, तो बहुधा रानातूनही बाहेर आला.

दुसरं उत्तर मरणाशी जोडलेलं आहे. लेपचांच्या प्रत्येक कुळाला स्वतःचा एक पर्वत असतो, त्याला 'चू' म्हणतात. स्वतःचं एक तळं, ते 'दा'. आणि स्वतःचं एक दार, 'लेप'. माणूस गेला, की त्याचा जीव त्या दारातून पूर्वजांकडे जातो. त्याला तिथवर पोचवायचं काम 'मुन' म्हणजे पुजारीण आणि 'बोंगथिंग' म्हणजे पुजारी यांचं. ते वाटेतल्या ठिकाणांची नावं घेत घेत जिवाला पुढे नेतात. आता हे जाणणारे मुन आणि बोंगथिंग फार थोडे राहिले आहेत. ज्या कुटुंबाला आपलं लेप कुठलं हे आठवत नाही, त्याच्या मयताला वाट कोण दाखवणार? आमच्याकडे जनाज्याची नमाज अरबीत होते आणि तिचा शब्दन् शब्द अर्थ आमच्यातल्या पुष्कळांना सांगता येणार नाही. तरी ती होते, कारण ती जगभर कोट्यवधींच्या पाठांतरात आहे. लेपचाला असा आधार नाही.

झोंगूवर २००७च्या सुमारास जलविद्युत प्रकल्पांचं सावट आलं. तेव्हा लेपचा तरुण गंगटोकला दीर्घ उपोषणाला बसले. आमची तळी, आमचे पर्वत हे आमच्या मेलेल्यांचे रस्ते आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २००८ साली सरकारनं झोंगूतले चार प्रकल्प रद्द केले. पण तिस्तेवर इतरत्र धरणं झालीच. ३-४ ऑक्टोबर २०२३च्या रात्री वरचं दक्षिण ल्होनाक हे हिमतलाव फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि झोंगूकडे जाणारे पूलही गेले. खोऱ्यातली माणसं तुटली, काहींना घरं सोडावी लागली. ज्या थोड्या जागी ही भाषा एकगठ्ठा बोलली जाते, तिथली वस्ती विस्कटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगत नाही.

आकाशवाणीवर बोलतो आहे, तर एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. कालिम्पाँगचे सोनम छिरिंग लेपचा. जन्म १९२८चा. काही काळ लष्करात होते. पुढे डोंगरोडोंगरी हिंडून त्यांनी लेपचा गाणी आणि वाद्यं गोळा केली, स्वतःही शेकडो गाणी रचली. १९६० साली आकाशवाणीवरून त्यांचं गाणं लागलं. रेडिओवर पोचलेला तो पहिला लेपचा आवाज, असं मानतात. विचार करा, डोंगरातल्या कुठल्याशा घरात रेडिओभोवती माणसं बसली आहेत, बातम्या हिंदीत, गाणी हिंदीत, नेपाळीत, आणि अचानक त्या पेटीतून रोंगरिंग. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० साली ते गेले.

दार्जिलिंग-कालिम्पाँगच्या बाजूला शाळांमधून लेपचा शिकायची सोय फारशी नव्हती. म्हणून तिथल्या लेपचा समाजसंस्थेनं गावोगाव रात्रशाळा काढल्या. गंगटोकहून परतताना कालिम्पाँगजवळच्या एका गावात मी अशी शाळा पाहिली. एका घराची ओसरी, एक दिवा, एक फळा आणि अठरा-वीस मुलं. दिवसभर नेपाळी-इंग्रजी शाळा करून आलेली. मास्तर तरुण होते, पगार नव्हता. त्यांनी फळ्यावर झाडांची नावं लिहिली, प्रत्येकाच्या शेवटी कुंग. मुलं मोठ्यानं म्हणत होती. एका मुलीनं मध्येच नेपाळीत विचारलं, यातलं तिसरं झाड कोणतं? मास्तर थोडे थबकले. मग त्यांनी पिशवीतून के. पी. तामसांग यांचा १९८० सालचा जाडजूड कोश काढला, दिव्याजवळ नेऊन पान शोधलं. अर्थ इंग्रजीत दिलेला होता. तो त्यांनी मनातल्या मनात वाचला आणि मुलांना नेपाळीत सांगितला.